कपाळावरचे मेण, लाटेवरचे मेण

मराठी माणसाला मेण ठाऊक असते ते त्याच्या मऊपणासाठी. कोणाचे मन मेणासारखे असते, कोणी दोन गोड शब्दांनी मेणासारखा विरघळतो. याहून अधिक विचार मेणाविषयी आपण सहसा करीत नाही. कपाटाचा खण अडकू लागला की त्याच्या कडेला मेणबत्ती घासावी, खिडकीची काच सरकेनाशी झाली की पन्हळीत घासावी, एवढे व्यवहारज्ञान मात्र घरोघरी असते. म्हणजे मेण हे सरकवण्याचे, घसरवण्याचे साधन, अशी आपली पक्की समजूत. अशा वेळी ‘पाय घसरू नये म्हणून मेण पाहिजे’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याने जरा चमकून पाहावे हे साहजिकच आहे.

माझ्यापाशी ही मागणी केली ती माझ्या पुतणीने. ती नोकरीनिमित्त गोव्यात असते आणि गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी आश्वे-मोरजीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकते. सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा खेळ. तिने एक जुनी फळी विकत घेतली आहे. तिच्यावर पाय ठरावा म्हणून मेणाची वडी घासावी लागते. कोणा परदेशी पाहुण्याने जाताना तिला दिलेली वडी थंड समुद्राची होती. गोव्याच्या पाण्यात तिचे लोणी झाले, पुढचा पाय सटकला आणि फळीची कड हनुवटीवर बसून तीन टाके पडले. तिने फोनवर मला सांगितले, “काका, तुम्ही आयुष्यभर प्रयोगशाळेत काढलंत. आपल्या समुद्रासाठी एक वडी करून द्या की!”

मी राहतो तळोज्याला. तळोजे म्हटले की लोकांना रसायनांचे कारखाने आठवतात, कारागृह आठवते आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावू लागलेली मेट्रो आठवते. समुद्राच्या लाटा काही आठवत नाहीत. येथे पाणी आहे ते कासाडी नदीचे आणि पुढे खाडीचे, आणि ती खाडी लाटांसाठी प्रसिद्ध नाही. पण येथल्या औद्योगिक वसाहतीत मी नोकरी केली असल्यामुळे तागडी, तापमापक आणि चिकाटी या तीन वस्तू घरात शिल्लक होत्या. शिवाय पुतणीच्या हनुवटीचा प्रश्न होता. मी होय म्हणालो.

फरशीचे मेण, मुरंब्याचे मेण

हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. हवाई बेटांवर तो राजापासून रयतेपर्यंत सर्व खेळत. कॅप्टन कुकच्या तुकडीतल्या दर्यावर्दी लोकांनी १७७९ च्या सुमारास त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने तो जगभर नेला. याच ड्यूकने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले होते. त्या काळच्या फळ्या लाकडी, अंगाने जड आणि वरून रोगण दिलेल्या. ओल्या रोगणावर ओला पाय म्हणजे काय होते, हे शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या उतरलेल्या माणसाला सांगायला नको.

यावर उपाय सापडला तो एका घरातच, असे सांगतात. १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या आल्फ्रेड गॅलंट नावाच्या तरुणाच्या ध्यानात आले की आईने लाकडी जमिनीला नुकतेच मेण दिले की तिच्यावर पाय किंचित चिकटतो. त्याने तेच मेण आपल्या फळीला लावून पाहिले आणि पाय ठरू लागला. मग लोक पॅराफिन वापरू लागले. पॅराफिन हे पेट्रोलियमपासून निघणारे पांढरे मेण, आपल्या साध्या मेणबत्तीतले. अमेरिकन गृहिणी घरी केलेल्या मुरंब्याच्या बरण्यांची तोंडे ते वितळवून बंद करीत, त्यामुळे स्वयंपाकघरात ते हाताशी असे. खास या कामासाठी केलेल्या वड्या दुकानांतून मिळू लागल्या त्या १९७० नंतरच्या दशकात. तोवर जो तो आपापल्या चुलीवर आपापले मेण शिजवीत असे.

आपल्या देशात हा खेळ उशिरा आला, पण आता चांगला रुजला आहे. कर्नाटकात मुल्की, तमिळनाडूत चेन्नईजवळचे कोवलम, केरळात वर्कला ही त्याची ठाणी. सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था २०११ साली स्थापन झाली. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मामल्लपुरम येथे आशियाई स्पर्धा झाली आणि तिच्यात रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवले. तेव्हा हे खूळ परदेशी पाहुण्यांचेच आहे, असे म्हणण्याचे दिवस गेले. आपल्या पाण्याला साजेसे मेण मात्र अजून शोधून आणावे लागते.

घसरवणे आणि धरणे

घसरवणारे मेण धरू कसे लागते? याचे उत्तर आपल्या मल्लखांबापाशी आहे. मल्लखांबाला एरंडेल तेल चोळतात, कारण कातडी सोलवटून न निघता अंग खांबावर फिरले पाहिजे. आणि पकड सुटू नये म्हणून राळेची पूड वापरतात. एकाच खांबावर तेल आणि राळ एकमेकांना सांभाळून असतात. तेल फार झाले की खेळाडू खाली येतो, राळ फार झाली की तो अडकतो.

मेणाचेही तसेच आहे. मेण थंड आणि कडक असेल तर त्याचा पृष्ठभाग काचेसारखा राहतो व त्यावरून वस्तू सरकते. कपाटाच्या खणाला घासलेली मेणबत्ती ही अशी. तेच मेण आपल्या वितळण्याच्या बिंदूच्या थोडे अलीकडे, मऊसर अवस्थेत असेल, तर दाबाखाली ते पायाच्या रेषांत शिरते आणि धरते. आणखी मऊ झाले तर पुन्हा तेल होऊन घसरवते. म्हणजे धरण्याची जागा दोन घसरणींच्या मधली आहे, आणि ती पाण्याच्या उष्णतेवर ठरते. म्हणूनच परदेशी वड्यांवर थंड, गार, कोमट आणि उष्ण अशा पाण्याच्या जाती छापलेल्या असतात. उष्ण जात साधारण २४ अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्यासाठी. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याचे पाणी बहुतेक वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास. थंड जातीच्या वडीने पुतणीला का पाडले, याचा उलगडा एवढ्याने होतो.

आईची डबी

कृती ठरवण्यापूर्वी मी मेण आणले. पनवेलच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात मधमाशीचे मेण आणि राळ दोन्ही मिळाली. मेणाचा पिवळा खडा ओट्यावर ठेवून मी तागडी काढीत होतो, तोच माझी आई आतून आली. तिचे वय ८६. तिने खडा उचलला, नखाने कोरला, नाकाशी नेला आणि विचारले,

“कुंकवाचं मेण कोणासाठी रे करतोयस?”

मी सांगितले की हे लाटेवरच्या फळीसाठी आहे. तिने ते ऐकले न ऐकलेसे केले आणि म्हणाली, “खोबरेल बेतानं घाल. इथं उकडतं.”

वाचकहो, खरे सांगतो, तागडी माझ्या हातात तशीच राहिली. टिकल्यांची पाकिटे बाजारात येण्यापूर्वी आपल्या घरांत कुंकू लावण्याची रीत कोणती होती? कपाळावर आधी मेणाचा ठिपका, तो बोटाने गोल करायचा आणि त्यावर कोरडे कुंकू दाबायचे. घामाने, कामाने, चुलीच्या धगीने ते पुसले जाऊ नये म्हणून खाली मेण. फणेरपेटीत आरसा, फणी, करंडा आणि त्यांच्या शेजारी मेणाची लहानशी डबी असे. ते मेण घरीच केले जाई. मधमाशीचे मेण गाळून घ्यायचे आणि त्यात खोबरेल तेल घालून बोटाला लागेल इतके मऊ करायचे. ओल्या, निसरड्या पृष्ठभागावर एखादी गोष्ट टिकवून धरण्याचे हे काम. कपाळ आणि फळी यांत फरक फक्त आकाराचा!

मी आईला खाली बसवून नीट विचारले. तिचे माहेर रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचे आणि सासर वाईचे. ती म्हणाली, “माहेरी मेणात तेल नावापुरतं घालायचं. जास्त घातलं तर दुपारपर्यंत कुंकू नाकावर. वाईला आले तेव्हा तसंच मेण केलं, तर माघात ते दगडासारखं झालं. सासूबाईंनी डबी चुलीशेजारी ठेवली न् म्हणाल्या, थंडीचं मेण वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. तेव्हापासून थंडीत तेल दुप्पट.”

परदेशी वडीवर छापलेली थंड आणि उष्ण ही जात हिला सासूने चुलीपाशी शिकवली होती. तिने ते कोठे लिहून ठेवले नाही आणि मीही आजवर कधी विचारले नव्हते. आता ज्यांना हे हाताने करता येते अशा बायका सत्तरीच्या पुढच्याच उरल्या असतील. सुनांना टिकली मिळाली, डबीची गरज संपली, आणि डबीबरोबर तिच्यातले शास्त्रही अडगळीत गेले.

खोबरेलाचे चोवीस अंश

आईच्या म्हणण्यामागचे कारण सोपे आहे. खोबरेल तेल साधारण २४ ते २५ अंशांवर वितळते. म्हणूनच पुण्या-वाईकडे हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते आणि रत्नागिरीला क्वचितच तशी वेळ येते. मधमाशीचे मेण वितळते ६२ ते ६४ अंशांना. थंडीत खोबरेल थिजून मेणाला साथ देते, म्हणून ते जास्त घातले तरी चालते. २८ अंशांच्या पाण्यात ते तेलच राहते, आणि जास्त असले तर मेणातून पाझरून वर येते. तळोज्याच्या ओट्यावर, गोव्याच्या पाण्यात आणि आईच्या माहेरी नियम एकच. तेल बेताने.

उरली राळ. ही चिडाच्या झाडाची. झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जो पिवळा काचेसारखा पदार्थ उरतो तो. व्हायोलिनच्या आणि सारंगीच्या गजाला हीच घासतात, कारण तिच्याविना गज तारेवरून नुसता सरकतो आणि सूर उमटत नाही. तारेला धरून ठेवायचे आणि सोडायचे हे राळेचे कौशल्य. आपल्या किनाऱ्यावरही हिच्या जातीच्या पदार्थांशी जुना परिचय आहे. लाकडी होडीच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासून त्यावर राळ आणि तेल यांचे कढवलेले लुकण भरण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेली. म्हणजे मेण, खोबरेल आणि राळ या तिन्ही वस्तू आमच्या कोकणच्याच व्यवहारातल्या. पाटा-वरवंटा आपला, पुरण आपले, पोळी तेवढी नवी.

मेण हे अंग, तेल हा मऊपणा, राळ हा चिकटपणा. मी तीन निरनिराळी प्रमाणे धरून वड्या केल्या आणि त्या फायबरच्या गुळगुळीत तुकड्यावर घासून २९ अंशांच्या पाण्यात बुडवून पाहिल्या. तुकडा तिरपा करीत जायचे आणि वरचे ओले वजन केव्हा सरकते ते पाहायचे, अशी परीक्षा.

पहिली वडी आईच्या हिवाळी डबीची, मेण ३ भाग आणि तेल १ भाग. सकाळच्या गारव्यात ती सुरेख होती, पण कोमट पाण्यात तुपकट होऊन वजन लगेच घसरले. दुसरी मेण आणि राळ समभाग, तेल नाही. ती घासताना तुकडेतुकडे होऊन पडली, आणि जेथे लागली तेथे इतकी चिकट की पाय ठेवल्यावर हलवता येईना. लाटेवर पाय क्षणोक्षणी जागा बदलतो, तेव्हा असे जखडणे कामाचे नाही. तिसरी मेण ६ भाग, राळ २ भाग, खोबरेल १ भाग. हिने वजन धरले, आणि पाय उचलला तेव्हा सोडलेही. आईने तिन्ही वड्या बोटाने चाचपल्या आणि तिसरीवर बोट ठेवून म्हणाली, “ही खरी.” मला तापमापकाने जे कळले ते तिला अंगठ्याने कळले.

कृती

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा लाटेवरचा वीर किंवा वीरांगना असेल, म्हणून कृती सविस्तर देतो. एका वडीला ६० ग्रॅम मधमाशीचे मेण, २० ग्रॅम राळ आणि १० ग्रॅम खोबरेल तेल लागते.

मेण अस्सल आहे की नाही ते आधी पाहावे, कारण त्यात पॅराफिनची भेसळ होते. अस्सल मेणाला मधाचा मंद वास येतो, आणि लहान तुकडा बोटांत मळला तर तो कणकेसारखा मऊ होतो. पॅराफिन मळले तर भुगा होतो आणि हाताला गुळगुळीत लागते. मेणाची किंमत जास्त वाटली तर एक हिशेब ध्यानात घ्यावा. कामकरी माशीच्या पोटाखालच्या आठ ग्रंथींतून मेणाचे खवले निघतात, आणि एक किलो मेण होण्यासाठी माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असे मानतात. आपल्याकडे आग्या माशीचे पोळे कड्यांवर व उंच झाडांवर असते, तर सातेरी माशी पेटीत पाळता येते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था हे पाळण्याचे शास्त्र शिकवते. महाबळेश्वरजवळचे मांघर हे खेडे तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पोळे न जाळता काढलेले मेण मिळाले तर तेच घ्यावे.

आता भांडे. या कामाचे पातेले वेगळे ठेवावे, ते पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात लहान भांडे बसवावे आणि त्या भांड्यात मेण घालावे. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. पाण्याच्या उकळीमुळे आतले भांडे १०० अंशांच्या वर जात नाही. थेट आचेवर मेण तापत राहते आणि पेट घेऊ शकते. पेटलेच तर पाणी ओतू नये, भडका उडतो. गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण टाकावे. घरात मुले असतात, म्हणून हे दोनदा वाचावे.

मेण पातळ झाले की राळेची बारीक पूड चिमटी-चिमटीने घालीत ढवळावे. राळ लगेच विरघळत नाही, तेव्हा घाई करू नये. पाक एकतारी होण्याची वाट पाहणाऱ्या बाईचा धीर येथे हवा. पूड पूर्ण मिसळून रस पारदर्शक पिवळा दिसला की खोबरेल घालावे, ढवळावे, खाली उतरवावे. खिडकी उघडी असावी. मिश्रणात पाण्याचा थेंब पडू देऊ नये, नाहीतर ते तडतडून अंगावर उडते. वाटीला आतून बटर पेपर लावून त्यात ओतावे आणि हलवाहलव न करता थंड होऊ द्यावे. दोन तासांत वडी सुटते.

आणखी एक सूचना. राळ काही लोकांच्या कातडीला सोसत नाही, पुरळ येते. म्हणून वडीचा लहानसा ठिपका मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. पुरळ उठले तर राळ वगळून मेण ८ भाग आणि तेल १ भाग घ्यावे. पकड थोडी कमी मिळेल, पण अंग शाबूत राहील.

फळीवर लावताना

मेण फळीच्या वरच्या अंगाला लावायचे, जेथे पाय पडतात तेथे. खालच्या अंगाला लावले तर फळीची गती मारली जाते. फळी सावलीत कोरडी करून, जुने मेण खरवडून काढावे. आधी एक कडक थर द्यावा. त्याची वडी तेलाशिवाय करतात, मेण ५ भाग आणि राळ १ भाग. हा थर म्हणजे भिंतीचा गिलावा. त्याचे लहान लहान उंचवटे उठेपर्यंत वाटोळे हात फिरवीत घासावे. मग वर आपली मऊ वडी हलक्या हाताने, उंचवट्यांच्या माथ्यांवर बसेल अशी. पकड मिळते ती या उंचवट्यांमुळे. सपाट थर दिला तर मेण असून उपयोग नाही.

मेण लावलेली फळी उन्हात उताणी ठेवू नये. आपल्या उन्हात वाळूवर ठेवलेल्या फळीचे मेण पाहता पाहता वाहून जाते. मोटारीच्या डिकीत वडी ठेवणे हाही तसाच प्रकार. झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवलेली वडी बराच काळ टिकते.

पुतणीला मी चार वड्या पाठवल्या. आठ दिवसांनी तिचा फोन आला. “काका, पाय हलला नाही. पण पहिल्या दिवशी घासून घासून हात दुखले, आणि पांढरी फळी पिवळट दिसायला लागली आहे. मैत्रिणी म्हणतात, हिने फळीला हळद लावली!” दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मधमाशीचे मेण पॅराफिनपेक्षा चिवट असते, म्हणून घासायला जोर लागतो, आणि त्याचा रंग पिवळा असतो. विकतची वडी यापेक्षा सोयीची असते हे मान्य केले पाहिजे. तिने पुढे विचारले, “आजीला सांगितलंत का?” मी फोन आईकडे दिला. आजी आणि नात बराच वेळ कुंकवाच्या डबीविषयी बोलत होत्या, आणि या वेळी मुलीच्या हातात कागद-पेन्सिल होती असे मला मागाहून कळले.

खरवडलेल्या मेणाचे काय

शेवटी एक गोष्ट सांगायची राहते, आणि तळोज्यात राहणाऱ्याने ती सांगितली पाहिजे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आमच्या औद्योगिक वसाहतीतली काही भटकी कुत्री निळ्या रंगाची दिसू लागली आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. एका कारखान्यातून बाहेर पडलेला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांचा रंग डोळ्यांना दिसला म्हणून बोभाटा तरी झाला. कासाडीच्या पाण्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जे जाते ते सगळेच काही निळे नसते.

फळीवरचे मेण झिजते ते समुद्रातच झिजते. ते प्रमाण कारखान्याच्या मानाने नगण्य आहे, हे मलाही कळते. तरी ज्या पाण्यात आपले मूल पडणार, उठणार, चार घोट गिळणार, त्यात पेट्रोलियमऐवजी पोळ्यातले मेण आणि नारळाचे तेल गेले तर बरे, असे मला वाटते. मधमाशीच्या मेणासाठी चार पैसे जास्त मोजण्याचे माझे कारण एवढेच आहे.

खरवडून काढलेले मेण वाळूत टाकू नये आणि मोरीतही ओतू नये. मोरीत ते थिजते आणि मग नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवावे लागते. ते डब्यात साठवावे, वितळवून फडक्याने गाळावे, म्हणजे वाळू मागे राहते. गाळलेले मेण कडक थराला पुन्हा चालते. नाहीतर शिवणाच्या दोऱ्याला लावावे, चांभाराच्या सुतळीला द्यावे, आणि अगदीच काळे झाले असेल तर त्यात गोणपाटाचे तुकडे बुडवून ठेवावेत. पावसाळ्यात बंब पेटवायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही.